स्पेन देशांतील द्राक्षमळे आणि शरदांतील तांबडी वाईन

या मासिकाच्या पानांवर मद्याविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील हें मी जाणून आहें. आमच्या घरांत द्राक्षासव म्हणजे वैद्यांच्या बाटलींतलें औषध, याहून निराळा अर्थ कधीं कोणीं घेतला नाहीं. आणि साठी उलटून गेल्यावर तो आतां घेतला जाईल असाही संभव नाहीं. तरी लेखणी हातीं घेण्यास एक कारण घडलें, तें आधीं सांगितलें पाहिजे.

माझी नात उच्च शिक्षणासाठीं स्पेनमधील लोग्रोन्यो या शहरीं राहते. गेल्या वर्षीं ऑक्टोबरच्या आरंभीं तिचें पत्र आलें. ती जेथें राहते त्या घरच्या म्हाताऱ्या बाईनें द्राक्षतोडणीच्या शेवटल्या दिवशीं तिला आपल्या पंक्तीला बसविलें आणि पानाशेजारीं तांबड्या वाईनचा एक लहानसा पेला ठेविला. "आजोबा," ती लिहिते, "तो पेला मीं परत केला. बाई रागावल्या नाहींत. पण त्यांनीं विचारलें, 'तुमच्याकडे द्राक्षें होत नाहींत का?' मला धड उत्तर देतां आलें नाहीं. घ्यावें कीं न घ्यावें तें मी पाहीन. परंतु हें आहे तरी काय, तें तुम्ही मला समजावून सांगा."

पत्र वाचून घरांत दोन तट पडले. तिची आजी म्हणाली, पोरीला आतांच्या आतां परत बोलवा. चिरंजीव म्हणाले, त्यांत एवढें काय आहे! मला दोन्ही मतें सारखींच उतावळीं वाटलीं. ज्या वस्तूचा निषेध करावयाचा ती आधीं समजून घ्यावी. आणि जिचा स्वीकार करावयाचा ती तर अधिकच समजून घ्यावी. चाळीस वर्षें मुलांना हेंच शिकविलें. नातीच्या वेळीं तें विसरून कसें चालेल? म्हणून मीं पुस्तकें मिळविलीं, नकाशा पुढें घेतला, आणि जें कळलें तें तिला सविस्तर लिहून पाठविलें. ज्या घरांतील मुलें आज परदेशीं आहेत, त्या घरांसही त्याचा उपयोग व्हावा म्हणून तेंच येथें मांडीत आहें.

प्रथम भूमीचा विचार करूं. स्पेनचा मध्यभाग म्हणजे 'मेसेता' नांवाचें विस्तीर्ण पठार. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या माणसास त्याची कल्पना करणें कठीण नाहीं: सपाट माळ, तुरळक झाडी, कोरडी हवा, उन्हाळ्यांत भाजणारी आणि हिंवाळ्यांत गारठणारी जमीन. या देशांत नऊ लक्ष हेक्टरांहून अधिक क्षेत्र द्राक्षवेलींखालीं आहे. जगांत दुसऱ्या कोणत्याही देशांत एवढें नाहीं. तथापि वाईनच्या उत्पन्नांत इटली आणि फ्रान्स हे देश सामान्यतः त्याच्या पुढें असतात. कारण उघड आहे. पाऊस थोडा, म्हणून जुन्या पद्धतीच्या मळ्यांत वेली मांडवावर न चढवितां लहान झुडुपासारख्या आखूड ठेवितात आणि दूर दूर लावितात, म्हणजे प्रत्येकीच्या मुळांस ओलावा शोधण्यास पुरेशी जागा मिळते. फळ कमी येतें. परंतु जें येतें त्यांत रस घट्ट आणि साल जाड असते.

या सालीलाच तांबड्या वाईनमध्यें सर्व महत्त्व आहे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढुरकाच असतो. रंग सालींत असतो. रस काढून साल टाकून दिली तर काळ्या द्राक्षांचीही वाईन पांढरीच होईल. म्हणून द्राक्षें चेंचून सालीसकट मोठ्या पात्रांत आंबत ठेवितात. सालीवरील व आसपासचें किण्व साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करतें, ऊष्णता उत्पन्न होते, बुडबुडे उठतात आणि साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो थर वारंवार खालीं दाबावा लागतो किंवा त्यावर रस ओतावा लागतो. तेव्हां रंग आणि तुरटपणा रसांत उतरतो. हा तुरटपणा म्हणजे आपल्या षड्रसांतील कषाय रस. हिरडा चघळल्यावर जीभ जशी ओढली जाते तसाच हा प्रकार. आणि हिरड्यांतील ज्या द्रव्यवर्गामुळें कातडें कमावितां येतें त्याच वर्गाचें द्रव्य द्राक्षाच्या सालींत व बियांत असतें. नवी वाईन यामुळें जिभेला खरखरीत लागते. पिंपांत व बाटलींत वर्षें गेलीं म्हणजे ती मऊ होते.

भाषेच्या अभ्यासकास येथें एक मौज आढळते. स्पेनचे लोक तांबड्या वाईनला 'तांबडी' म्हणत नाहींत. ते 'तिंतो' म्हणतात, म्हणजे 'रंगविलेली'. लॅटिन भाषेंतील 'बुडवून रंगविणें' या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. संस्कृतांतील 'रक्त' शब्दाची घडणही अगदीं तीच. 'रञ्ज्' म्हणजे रंगविणें; त्याचें भूतकालवाचक धातुसाधित 'रक्त', म्हणजे रंगविलेलें; आणि त्यावरून पुढें तांबडें. दोन दूरच्या लोकांनीं तांबड्या रंगास एकाच वाटेनें नांव दिलें हें पाहून मला मोठें नवल वाटलें.

आतां ऋतूचा प्रश्न. स्पेनमध्यें तांबडी वाईन शरदाच्या आरंभापासून विशेष रुचते असें म्हणतात, तें आपल्या शरदाशीं ताडून पाहिल्यास विपरीत वाटेल. आपला शरद पित्तप्रकोपाचा; पाऊस उघडून ऊन तापावयास लागतें. म्हणूनच वाग्भटानें ऋतुचर्येंत शरदांत तीक्ष्ण मद्य वर्ज्य सांगितलें आहे, आणि मद्याची मोकळीक दिली आहे ती हेमंतांत. स्पेनचा शरद सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. तेव्हां उन्हाळा सरतो, रात्रीं गार होतात, पानें पिवळीं पडतात आणि चुलीवर शिजणारें जड अन्न हवेंसें वाटूं लागतें. त्यांचा शरद गुणानें आपल्या हेमंताच्या जवळचा आहे. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आपला वाग्भट आणि त्यांचा शेतकरी यांचें भांडण उरत नाहीं. मात्र तिकडचा रिवाज ऑक्टोबरांत पुण्यास किंवा मुंबईस आणून लावणें हा शुद्ध अविचार होय.

प्रांतांपैकीं प्रथम रिओहा. माझी नात राहते तें लोग्रोन्यो हीच त्या प्रांताची राजधानी. एब्रो नदीच्या दोन्ही तीरांनीं सुमारें शंभर किलोमीटर लांब हा मुलूख पसरला असून त्यांत पासष्ट हजार हेक्टरांच्या आसपास द्राक्षमळे आहेत. उत्तरेस कांताब्रिया पर्वताची भिंत समुद्रावरील ओले वारे अडविते. मुख्य द्राक्ष 'टेम्प्रानियो'. स्पॅनिश भाषेंत 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हें द्राक्ष इतरांच्या आधीं पिकतें म्हणून हें नांव. त्याच्या जोडीस गार्नाचा, ग्रासियानो व मासुएलो या जाती थोड्याफार प्रमाणांत मिसळतात. लुसियानो दे मुरिएता यानें १८५२ मध्यें फ्रान्सांतील बोर्दोच्या रीतीनें ओकच्या पिंपांत वाईन मुरविण्याचा प्रयोग येथें केला, आणि १८५८ मध्यें स्थापन झालेल्या मार्केस दे रिस्काल या पेढीनेंही तोच मार्ग धरिला.

परंतु रिओहाचें भाग्य उघडलें तें शेजाऱ्यावरील संकटामुळें. अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नामक सूक्ष्म किडीनें १८६० नंतरच्या काळांत फ्रान्सचे द्राक्षमळे मुळांपासून खाऊन टाकिले. बोर्दोचे व्यापारी मालाच्या शोधांत पर्वत ओलांडून रिओहांत उतरले. आगगाडी नुकतीच आरो या गांवीं पोंचली होती, आणि त्या स्टेशनाभोंवतीं एकामागून एक तळघरें उभीं राहिलीं. तीं आजही तेथेंच आहेत. पुढें शतक संपतां संपतां तीच कीड रिओहांतही शिरली. उपाय एकच ठरला: किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या जातीचें कलम बांधणें. ज्या देशांतून रोग आला त्याच देशांतून औषध आलें. आपल्याकडील द्राक्षबागाईतदारही आज डॉगरीज या अमेरिकन खुंटावर कलमें करितात. मात्र तेथें कारण कीड नसून पाण्याची टंचाई व जमिनीचा खारटपणा हें आहे.

रिओहाच्या नैऋत्येस पठारावर रिबेरा देल दुएरो. दुएरो नदी पुढें पोर्तुगालांत शिरून पोर्तो शहरापाशीं समुद्रास मिळते. तिच्या वरच्या अंगास, बुर्गोस, वायादोलिद, सोरिया व सेगोविया या चार जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. मळ्यांची उंची सातशें ते हजार मीटर. उन्हाळ्यांत दिवसा पारा चाळीस अंशांवर चढतो आणि रात्रीं वीस अंशांनीं खालीं येतो. दिवसाच्या उष्णतेनें साखर व रंग वाढतो, रात्रीच्या गारव्यानें आंबटपणा टिकतो. म्हणून येथील वाईन गडद, दमदार आणि तरीही ताजी राहते. द्राक्ष टेम्प्रानियोच, पण येथें त्यास 'तिंतो फिनो' म्हणतात. बेगा सिसिलिया ही प्रसिद्ध पेढी १८६४ पासून येथें असली तरी सबंध प्रांतास अधिकृत नांव मिळालें तें १९८२ मध्यें.

तिसरा प्रांत कातालोनियांतील प्रियोरात. बाराव्या शतकांत कार्थुसी पंथाचे ख्रिस्ती यति येथें आले. एका मेंढपाळानें वृक्षाच्या आधारें देवदूतांस स्वर्गाची शिडी चढतांना पाहिलें अशी आख्यायिका होती. म्हणून मठाचें नांव 'स्काला देई', म्हणजे ईश्वराची शिडी. मठाधिपति तो 'प्रिओर', आणि त्याच्या सत्तेखालील मुलूख तो प्रियोरात. १८३५ च्या सुमारास स्पेनच्या सरकारनें मठांच्या जमिनी जप्त केल्या; यति गेले. मागाहून कीड आली, तरुण शहरांकडे गेले, आणि उभ्या चढणीवरील मळे ओसाड पडले. तेथील माती म्हणजे काळ्या पाटीच्या दगडाचा चुरा. पूर्वीं आपल्या शाळांत ज्या दगडी पाट्या असत त्याच जातीचा हा खडक. त्याच्या फटींतून मुळें खोल जातात आणि वेलीस जेमतेम मूठभर घड लागतात. १९८९ मध्यें रेने बार्बिए, आल्बारो पालासिओस आणि त्यांचे कांहीं मित्र यांनीं ग्रातायोप्स या खेड्यांत जुन्या गार्नाचा व कारिन्येना वेलींचीं द्राक्षें एकत्र करून वाईन केली. दहाबारा वर्षांत त्या विस्मृत डोंगराचें नांव जगभर झालें. आज सबंध स्पेनमध्यें सर्वोच्च दर्जाचें अधिकृत नांव दोनच प्रांतांस आहे: १९९१ पासून रिओहास, आणि त्यानंतर प्रियोरातास.

यांखेरीज लहानमोठे प्रांत पुष्कळ आहेत. वायव्येस बिएर्सो, सान्तियागोच्या यात्रेकरूंची वाट येथूनच जाते, आणि 'मेन्सिया' द्राक्षाची हलकी, सुगंधी वाईन होते. तोरो येथें जमीन रेताड. रेतींत फिलॉक्सेरा टिकत नाहीं, म्हणून कलम न केलेल्या जुन्या वेली तेथें अद्याप उभ्या आहेत. आग्नेयेस हुमियाच्या रखरखीत माळावर 'मोनास्त्रेल' द्राक्ष पिकतें. साऱ्या युरोपास पिडून झाल्यावर ती कीड येथें पोंचली तेव्हां १९८९ साल उजाडलें होतें! आणि दक्षिणेस ला मांचा व वाल्देपेन्यास. तेथें मातीच्या पुरुषभर उंच रांजणांत वाईन आंबविण्याची पद्धत होती. सर्व्हान्तेसचा डॉन किहोटे याच मुलखांतला. खाणावळींत रात्रीं झोपेच्या भरांत त्यानें राक्षस समजून तरवारीनें फाडिले ते तांबड्या वाईनचे बुधलेच होते.

प्रांतांच्या नांवांस एवढें महत्त्व कां, हा प्रश्न सहज मनांत येतो. स्पेनमध्यें वाईनची ओळख द्राक्षाच्या जातीपेक्षां स्थानानें होते. त्या सीमेबाहेर पिकलेल्या द्राक्षाच्या वाईनला ते नांव लाविणें हा गुन्हा आहे. रिओहाच्या नांवाचें असें संरक्षण १९२५ पासून चालू आहे. ही कल्पना पाश्चात्यांचीच आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हटलें आहे, आणि त्याची ओळख त्याच्या देशावरूनच होते असें सांगून कापिशायन व हारहूरक हीं दोन नांवें दिलीं आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानांतील बेग्रामच्या आसपासचा प्रदेश. पाणिनीनें तर 'कापिशायन' शब्द सिद्ध करण्यासाठीं स्वतंत्र सूत्र रचिलें. द्राक्षाचें मद्य आपल्याकडे मुख्यतः वायव्येकडून येई, आणि येतांना गांवाचें नांव घेऊन येई.

स्थानाबरोबर बाटलीवर वयही लिहितात. रिओहाच्या नियमांप्रमाणें 'क्रियान्सा' म्हणजे किमान दोन वर्षें मुरविलेली, त्यांपैकीं एक वर्ष ओकच्या पिंपांत. 'रेसेर्बा' म्हणजे किमान तीन वर्षें. आणि 'ग्रान रेसेर्बा' म्हणजे किमान पांच वर्षें, त्यांतील दोन पिंपांत. पिंप साधारणतः २२५ लिटरांचें असतें.

आतां शरदांतील पंक्तीकडे वळूं. लोग्रोन्योंत सप्टेंबरांत संत मातेओचा उत्सव होतो. भर चौकांत नवीं द्राक्षें पायांनीं तुडवून पहिला रस बाल्बानेरा देवीस, म्हणजे त्या प्रांताच्या मेरीमातेस, अर्पण करितात. आपल्या नवान्नाची आठवण व्हावी असाच हा विधि. पुढें नोव्हेंबरांत संत मार्टिनच्या दिवसापर्यंत नवी वाईन चाखण्याजोगी होते. त्या दिवसांत भाजलेले चेस्टनट, रानांतील अळंबीं, निखाऱ्यावर भाजून सोललेल्या तांबड्या मिरच्या, हरभऱ्याचें दाट कालवण आणि मांसाहारी घरांत भट्टींत भाजलेलें कोंकरूं असे पदार्थ असतात. अळंबीं व चेस्टनट यांबरोबर बिएर्सोची हलकी वाईन, मिरच्या व कालवण यांबरोबर रिओहाची क्रियान्सा, कोंकराबरोबर रिबेरा, आणि थंडी कडक झाल्यावर प्रियोरात किंवा हुमिया, असा साधारण क्रम जाणते लोक सांगतात. कषाय रस स्निग्ध पदार्थानें सौम्य होतो, हें त्यामागील शास्त्र. तांबडी वाईनही फार उष्ण चालत नाहीं. सोळा ते अठरा अंश ही तिची मर्यादा, हलकीस त्याहून गार. आणि मुख्य नियम असा कीं, अन्नाशिवाय पेला घ्यावयाचा नाहीं, व पेला लहान असावयाचा. लोग्रोन्योच्या लाउरेल गल्लींत लोक उभ्यानें एक घांस व एक लहान पेला घेतात आणि पुढें चालू लागतात. भररस्त्यांत झिंगणें हें तेथील वडीलधाऱ्यांस आपल्याइतकेंच लाजिरवाणें वाटतें.

येथवर वाचून कोणास ही मद्याची स्तुति वाटेल, म्हणून दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मद्य कर्करोगास कारण होतें असें आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्थेनें १९८८ मध्येंच ठरविलें. आणि मद्याचें कोणतेंही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ मध्यें जाहीर केलें. तांबड्या वाईननें हृदय बळकट होतें या लोकप्रिय समजुतीवर विसंबून कोणीं पेला उचलूं नये. खुद्द स्पेनमध्यें गेल्या पन्नास वर्षांत दरडोई वाईन पिणें निम्म्याहूनही कमी झालें आहे. त्याचें दुःख मात्र शेतकऱ्यांस सोसावें लागतें. २००८ नंतरच्या तीन हंगामांत युरोपीय संघानें मळे उपटण्यास पैसे दिले, आणि त्या योजनेंत स्पेनचा वांटा फार मोठा होता. हवा तापत आहे. तोडणी पूर्वींपेक्षां लवकर येते. कित्येक जण डोंगरावर उंच जागीं नव्या वेली लावीत आहेत. ज्या खेड्यांत मुलें राहिलीं नाहींत तेथें शंभर वर्षांच्या वेलींची छाटणी कोणीं करावयाची, हा प्रश्न आहेच. आपल्या कोंकणांतील बंद घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

राहतां राहिलें त्या बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. तें मीं नातीस असें लिहिलें: "त्यांना सांग, आमच्याकडेही द्राक्षें होतात, आणि विपुल होतात. तुमची तोडणी चालते तेव्हां नाशिकास छाटणी चालू असते. आमचे घड जानेवारी ते मार्चपर्यंत उतरतात. आम्हीं तीं खाल्लीं, तासगांवच्या बाजूस वाळवून त्यांचे बेदाणे केले, आणि वैद्यांनीं त्यांचें आसव केलें. अलीकडे चाळीसेक वर्षांत नारायणगांव व नाशिक येथें वाईनही होऊं लागली आहे, आणि तुमच्या टेम्प्रानियोच्या वेली तेथवर येऊन पोंचल्या आहेत. पेल्याविषयीं मी आज्ञाही करीत नाहीं व परवानगीही देत नाहीं. तूं जाणती आहेस. आपल्या घरीं तें पेय नाहीं, त्याचीं कारणें तुला ठाऊक आहेत. त्यांच्या घरीं तें आहे, त्याचीं कारणें आतां तुला ठाऊक झालीं. नाकारावयाचें तर तुच्छतेनें नाकारूं नये, आणि घ्यावयाचें तर कोणी हंसेल या भीतीनें घेऊं नये."

पत्र मोठ्यानें वाचून दाखविलें. तिची आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग उठून तिनें फडताळांतून तासगांवच्या बेदाण्यांची पुडी काढली, ती दुहेरी कापडांत शिवली, आणि पुढल्या आठवड्यांत तिकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाच्या हवालीं केली.

डिसेंबरांत नातीचें उत्तर आलें. बाईंनीं बेदाणे बशींत काढून पंक्तींत सर्वांपुढें फिरविले, एक उजेडांत धरून पाहिला आणि विचारलें, हीं द्राक्षें कोणत्या गांवचीं? नातीनें तासगांवचें नांव सांगितलें; तें त्यांनीं दोनतीनदां म्हणून पाठ केलें. पेल्याचें काय झालें तें तिनें लिहिलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.